डायक्लोफेनॅकवर बंदी येऊन इतकी वर्षं झाली, मग गिधाडं परत का येत नाहीत?

सह्यवाट
सरळ प्रश्नावर येतो. जनावरांना द्यायच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधावर आपल्याकडं २००६ साली बंदी आली, कारण ते टोचलेल्या जनावराचं मढं खाऊन गिधाडं मरत होती. तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांचं होत्याचं नव्हतं झालेलं होतं, १९९२ ते २००७ या काळात देशातली ९९.९ टक्के गेली म्हणजे हजारात एक उरलं. लांब चोचीची जवळपास ९७ टक्के गेली. कारण सापडलं, औषध बंद झालं, पर्यायी औषधही मिळालं, तरी आज नाशिक-नगर-पुणे पट्ट्यात कुणाला गिधाड दिसलं तर तो फोटो दिवसभर ग्रुपवर फिरतो. मग अडलंय कुठं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपण एका औषधाला हाकललं, पण ज्या दारानं ते गोठ्यात आलं ते दार उघडंच ठेवलं. पशुवैद्य, शेतकरी, पक्षी मोजणारे, सगळ्यांनी लिहा. तुमच्या भागात शेवटचं गिधाड कधी दिसलं तेही लिहा, तालुक्याच्या नावासकट.

बोरीबाभळी
आमच्याकडं (औसा, जि. लातूर) ओढ्यापलीकडं माळ होता, मेलेलं जनावर तिथंच टाकायचे आणि टाकलं की कुठनं कुठनं गिधाडं उतरायची ते कळायचं नाही, आधी एक वर घिरट्या घालायचं मग दुसरं मग बघता बघता आभाळ भरायचं आणि आम्ही पोरं शाळा बुडवून पळायचो बघायला, आजी मागनं ओरडत. संध्याकाळपर्यंत नुसता सांगाडा. वास नाही का माश्या नाहीत. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडं कमी कमी होत गेली आणि मग दिसायचीच बंद झाली. लोक काय काय सांगायचे, कोण म्हणे विमानाला आडवी येतात म्हणून सरकारनं मारली, कोण म्हणे अमेरिकेवाल्यांनी धरून नेली. खरं कारण आमच्याच गोठ्यातल्या इंजेक्शनात होतं हे फार उशिरा पेपरात वाचलं.

घाटमाथा
वाचतोय. चांगला विषय आहे, कृपया राजकारण आणू नका.

निळाई
एक शंका. डायक्लोफेनॅकमुळेच मेली हे सिद्ध कसं केलं? त्याच काळात शेतात कीटकनाशकं वाढली, मोठी झाडं तुटली, कत्तलखाने बदलले. शिवाय एखादी साथही असू शकते ना, कोंबड्यांमध्ये येते तशी. मी विरोधासाठी विचारत नाहीये, खरंच माहीत नाही.

प्रयोगवही
@निळाई, प्रश्न अगदी रास्त आहे, कारण सुरुवातीला शास्त्रज्ञांनाही साथच वाटत होती. जरा मोठं लिहितो.

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) विभू प्रकाश शिकारी पक्ष्यांवर काम करत होते. १९८७-८८ च्या विणीच्या हंगामात त्यांनी तिथं पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या मोजल्या होत्या. तेव्हा गिधाड इतकं सामान्य होतं की ते कशाला मोजायचं असं कुणालाही वाटलं असतं. १९९६-९७ ला परत मोजलं तर १५० जोड्या. आणि झाडाखाली, फांद्यांवर मेलेले पक्षी, काही माना टाकून तासन् तास बसलेले. पुढच्या काही वर्षांत तिथली वीण पूर्ण बंद पडली. १९८७ चा तो आकडा नसता तर "पूर्वी खूप होती हो" यापलीकडं आपल्या हातात काही नसतं, म्हणून हे आवर्जून सांगतोय.

आता कारण. मेलेले पक्षी उघडून बघितले तर बऱ्याच जणांच्या यकृतावर, मूत्रपिंडावर, हृदयाच्या आवरणावर खडू फासल्यासारखा पांढरा थर. ते युरिक ॲसिड. मूत्रपिंड निकामी झालं की पक्ष्याच्या शरीरात ते असं साचतं. पण मूत्रपिंड निकामी कशानं झालं? लिंडसे ओक्स नावाचे अमेरिकन पशुरोगतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी पाकिस्तानातल्या पंजाबात यावर काम करत होते. त्यांनी विषाणू तपासले, जिवाणू तपासले, जड धातू, कीटकनाशकं, सगळं तपासलं. काही नाही. मग त्यांनी विचार उलटा फिरवला, की गिधाड खातं काय, तर मेलेलं पाळीव जनावर, मग त्या जनावराला मरायच्या आधी काय काय टोचलं जातं? पशुवैद्यांना आणि औषध दुकानदारांना विचारत फिरले. त्यातून डायक्लोफेनॅक पुढं आलं. मूत्रपिंडावर थर असलेल्या २५ पक्ष्यांचे नमुने तपासले, २५ च्या २५ मध्ये औषध सापडलं. इतर कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांत एकातही नाही. मग औषध दिलेल्या जनावराचं मांस पाळलेल्या गिधाडांना घातलं, ती तशीच मेली. २००४ साली नेचर या विज्ञान नियतकालिकात हे छापून आलं.

कीटकनाशक, झाडतोड हे त्रास आहेतच, पण इतक्या वेगानं, राष्ट्रीय उद्यानाच्या आतसुद्धा आणि फक्त मढं खाणाऱ्यांतच एवढी मर दिसणं, हे त्यानं जुळत नाही.

निळाई
बापरे. २५ पैकी २५. धन्यवाद, हे मला माहीतच नव्हतं.

पाटपाणी
पण मला एक कळत नाही, प्रत्येक मेलेल्या बैलाला काही मरायच्या आधी इंजेक्शन दिलेलं नसतं. आमच्या गावात तर डॉक्टर येईपर्यंत जनावर जातं. मग ९९ टक्के गिधाडं कशी मरतील?

प्रयोगवही
@पाटपाणी, हाच हिशोब ऱ्हिस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडला. गिधाडं थव्यानं खातात. एका मढ्यावर पन्नास-शंभर उतरली आणि त्यात औषध असलं तर बऱ्याच जणांना ते एकदमच मिळतं. शिवाय गिधाड दर दोन-तीन दिवसांनी नवं मढं गाठतं, म्हणजे वर्षाला शंभरच्या वर जेवणं. त्यांचं गणित असं आलं की शंभर मढ्यांत एकापेक्षाही कमी मढं दूषित असलं तरी जो ऱ्हास दिसला तो होऊ शकतो. आणि भारतात बंदीच्या आधी मढ्यांचे नमुने गोळा केले तेव्हा दर दहात एकात डायक्लोफेनॅक निघालं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर @सह्यवाट यांच्या मूळ प्रश्नालाही लागू पडतं. औषधाचा वापर नव्वद टक्के कमी झाला तरी गिधाडांना तो पुरेसा कमी नसतो.

गोठ्यातला_डॉक्टर
यवतमाळ भागात बरीच वर्षं पशुवैद्यक म्हणून काम करतोय. काउंटरच्या या बाजूचं सांगतो.

डायक्लोफेनॅक आवडतं का होतं? स्वस्त होतं आणि लगेच दिसायचं. ताप आलेली गाय, कासदाह झालेली म्हैस, लंगडणारा बैल, सुई मारली की तासाभरात जनावर उभं राहून वैरण खायला लागायचं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं तोच डॉक्टर चांगला. आजार बरा व्हायचा नाही कित्येकदा, दुखणं दबायचं, आणि जनावर दोन दिवसांनी जायचं ते औषध अंगात घेऊन.

२००६ ला जनावरांच्या डायक्लोफेनॅकचं उत्पादन बंद झालं, पण माणसांचं डायक्लोफेनॅक दुकानात होतंच, ३० मिलीच्या बाटलीत. माणसाला ३ मिली पुरतं. ३० मिलीची बाटली कुणासाठी असणार? २००७ ते २०१० मध्ये अभ्यासकांनी साधं गिऱ्हाईक बनून अकरा राज्यांतल्या औषध दुकानांत जनावरासाठी औषध मागितलं, तर एक तृतीयांशाहून जास्त दुकानांत डायक्लोफेनॅक मिळालं. ती मोठी बाटली २०१५ मध्ये बंद झाली, कंपन्या कोर्टात गेल्या, मद्रास उच्च न्यायालयानं २०१७ ला बंदी कायम ठेवली.

मग दुसरी औषधं आली. ॲसिक्लोफेनॅकचंच उदाहरण बघा. नाव वेगळं, डबी वेगळी, पण गाईच्या शरीरात गेलं की त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. किटोप्रोफेन गिधाडांना घातक आहे हे प्रयोगात दिसलेलं होतं. या दोन्हींवर बंदी आली ३१ जुलै २०२३ ला. निमेसुलाइडवर त्याच्याही नंतर, डिसेंबर २०२४ अखेरीस. फ्लुनिक्सिनही धोक्याचं आहे असं शास्त्रज्ञ अजून सांगतायत. म्हणजे २००६ ची बंदी धरून "इतकी वर्षं झाली" असं म्हणणं मला बरोबर वाटत नाही. गिधाडांच्या ताटातलं विष २००६ ला संपलंच नव्हतं.

सुरक्षित काय? मेलॉक्सिकॅम. २००६ मध्येच त्याच्या चाचण्या गिधाडांवर झाल्यात, आफ्रिकेत आणि भारतात दोन्हीकडं. टॉल्फेनॅमिक ॲसिडही सुरक्षित निघालंय. मी स्वतः मेलॉक्सिकॅमच वापरतो. थोडं सावकाश लागू पडतं, एवढं शेतकऱ्याला समजावून सांगितलं की तो ऐकतो.

सह्यवाट
डॉक्टरसाहेब, मनापासून धन्यवाद. मी ज्या उघड्या दाराबद्दल म्हणत होतो ते हेच. नवीन औषध जनावरांसाठी बाजारात यायच्या आधी गिधाडांवर त्याचा काय परिणाम होतो हे तपासलंच पाहिजे असा नियम हवा. आता उलटं चाललंय, औषध आधी विकलं जातं, मग गिधाडं मरतात, मग शास्त्रज्ञ सिद्ध करतात, मग दहा-पंधरा वर्षांनी बंदी येते. तोवर चौथं औषध तयार.

आंबोळी
आमच्याकडं अजून आहेत!! श्रीवर्धन-म्हसळा पट्ट्यात. चिरगावला उंच झाडांवर घरटी असतात, आमच्या आत्याच्या वाडीत तर नारळावर होतं. आत्या आधी वैतागायची कारण शिटीनं झाड खराब होतं, झावळ्या वाळतात, नारळ कमी धरतो. नंतर संस्थेची पोरं येऊन बसली, समजावलं, आता कुणी आलं की आत्याच पुढं होऊन दाखवते, आमचं गिधाड म्हणून.

पण २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं ते थेट श्रीवर्धनलाच धडकलं. माड, आंबे, जुनी मोठी झाडं मुळासकट गेली. नारळ लावला तर काही वर्षांत उभा राहतो, पण गिधाडाला घरटं धरायला लागतो तसला साठ-सत्तर वर्षांचा वृक्ष कुठनं आणायचा?

आणि दुसरं, खायला काय? कोकणात आता गुरं राहिलीत किती. बैल गेले, पॉवर टिलर आले. मेलेलं ढोर जेसीबीनं खड्डा काढून पुरतात. गिधाड जगलं तरी खाणार काय हा प्रश्न औषधाइतकाच मोठा आहे असं मला वाटतं.

वस्तीवरचा
सगळ्यांना ओढ्यापलीकडचा माळ आठवतोय. जनावर तिथपर्यंत ओढून कोण न्यायचं हे एकानंही लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. माझे आजोबा न्यायचे. त्यांना ना मजुरी होती ना नाही म्हणायची सोय. कातडं सोलायचं, ओढत न्यायचं, आणि परत गावात आलं की लांब उभं राहायचं.

१९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा म्हणून सांगितलं. आमच्या लोकांनी ते सोडलं, पुढं ढोरं ओढणंही सोडलं, आणि त्यापायी गावागावात बहिष्कार सोसले. महाड म्हणजे वरच्या ताईंच्या म्हसळ्याच्याच जिल्ह्यातलं. २०१६ ला गुजरातेत उना इथं मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना कसं मारलं तेही सगळ्यांनी बघितलं.

@घाटमाथा, याला राजकारण म्हणू नका. गिधाडांना खायला मिळायचं ते एका व्यवस्थेमुळं मिळायचं. गिधाडं आली पाहिजेत, मलाही पाहिजेत, आजोबा त्यांच्याबद्दल फार प्रेमानं बोलायचे. पण ती व्यवस्था परत नको. मढं माळावर नेऊन टाकायचं असेल तर ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर हवा, हातमोजे हवेत, पगार हवा आणि ते काम कुठल्याही जातीच्या माणसानं करावं.

बोरीबाभळी
@वस्तीवरचा, दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या माळावर कोण न्यायचं ते मला माहीत आहे, नावानिशी माहीत आहे.

घाटमाथा
तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. राजकारण म्हणणार नाही. ट्रॅक्टरचा मुद्दा तर एकदम व्यवहार्य आहे, वित्त आयोगाचे पैसे गटारात जातात त्यापेक्षा यात जाऊ देत.

हिशोबनीस
मला गिधाडांबद्दल आकस नाही पण मध्ये बातमी आली होती की गिधाडं गेल्यामुळं भारतात पाच लाख माणसं मेली. हे मला पटत नाही. पाच लाख! त्या काळात इतकं काय काय बदललं देशात. पर्यावरणवाल्यांना सगळं मोठं करून सांगायची सवय असते.

प्रयोगवही
@हिशोबनीस, तो अभ्यास पर्यावरणवाल्यांचा नाही, अर्थशास्त्रज्ञांचा आहे. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन, अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू, २०२४. पद्धत अशी की जे जिल्हे गिधाडांच्या राहणीला मुळातच अनुकूल होते आणि जे नव्हते, अशा दोन गटांची तुलना केली. डायक्लोफेनॅक स्वस्त होऊन जनावरांत वापरायला लागायच्या आधी दोन्ही गटांतलं मृत्यूचं प्रमाण साधारण बरोबरीनं चालत होतं. नंतर गिधाडांच्या जिल्ह्यांत ते ४ टक्क्यांहून जास्त वाढलं, दुसऱ्या गटात तसं नाही. देशात बाकी काय बदललं ते दोन्ही गटांना सारखंच लागू होतं ना. २००० ते २००५ या काळात मिळून पाच लाख जादा मृत्यू असा त्यांचा अंदाज आहे. कारणं म्हणजे उघड्यावर सडणारी मढी, पाण्यात जाणारे जंतू, कुत्री आणि रेबीज.

कुत्र्यांवर आधीचा एक अभ्यास आहे, अनिल मार्कंड्य आणि सहकारी, २००८. गिधाडांचं अन्न कुत्र्यांना मिळालं, कुत्री अंदाजे ५५ लाखांनी वाढली आणि १९९२ ते २००६ मध्ये रेबीजनं सुमारे ४८ हजार जादा माणसं गेली, असा त्यांचा हिशोब.

हिशोबनीस
पद्धत समजली, दोन गटांची तुलना ठीक आहे. तरी वर्षाला ६९ अब्ज डॉलरचं नुकसान वगैरे जे सांगतात ते माणसाच्या जिवाची किंमत किती धरता यावर अवलंबून आहे, त्या आकड्यावर माझा विश्वास नाही. कुत्र्यांचं मात्र पटतं. आमच्या एमआयडीसीच्या मागं मढी टाकतात तिथं रात्री बाईकवरनं जायची सोय राहिलेली नाही.

चिवचिव
गिधाडांचं झालं, चिमण्यांचं पण कुणीतरी बोला. मोबाईल टॉवरमुळं सगळ्या चिमण्या संपल्या, आमच्या ठाण्यात एक दिसत नाही.

रानभूल
@चिवचिव, टॉवरच्या लहरींनी चिमण्या संपल्या याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्सच्या २०२० च्या अहवालात देशभर मिळून चिमणी बऱ्यापैकी स्थिर निघाली, फक्त मोठ्या महानगरांत हळूहळू कमी होताना दिसली. तुमचं ठाण्याचं निरीक्षण त्याच्याशी जुळतंच. घरटं करायला वळचण नाही, पिलांना भरवायला अळ्या नाहीत. काचेच्या इमारतीत चिमणीनं राहायचं कुठं?

त्याच मालिकेतला २०२३ चा अहवाल जरूर बघा. देशातल्या तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर केलाय, तीन कोटी नोंदी, ९४२ जाती. ज्या जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यातल्या ६० टक्के घटल्यात. माळरानावरचे, पाणथळीतले, शिकारी पक्षी यांची अवस्था जास्त वाईट. मोर मात्र वाढलेत.

पाटपाणी
मोर वाढलेत हे सांगायला अहवाल कशाला, आमच्या भुईमुगाला विचारा :)

रानभूल
हाहा, भुईमुगाची नोंदपण ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर) टाकायला हवी :)

तांबूसपंख
गिधाड सापडलं!!! काल हडपसरच्या कचरा डेपोवर, फोटो टाकलाय, बघा.

रानभूल
फोटो सुंदर आलाय, पण ती घार आहे. शेपटी बघा, मध्ये खाच आहे. गिधाडाची शेपटी आखूड, पंख रुंद फळीसारखे, टोकाची पिसं बोटांसारखी सुटी सुटी दिसतात आणि घारीसारखं ते सारखं वळत नाही. कचरा डेपोवर खरंच मिळू शकतं ते पांढरं गिधाड, म्हणजे इजिप्शियन. पिवळा चेहरा, पांढरं अंग, पाचरीसारखी शेपटी. परत जा आणि शोधा, दिसलं तर नक्की टाका.

तांबूसपंख
रविवारी परत जातोय, दुर्बीण घेऊन.

मधलाच_विदर्भ
विषयाकडं या बरं आता. आमच्याकडं प्रयत्न सुरू आहेत ते कुणी सांगितलंच नाही. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातनं वीस गिधाडं महाराष्ट्रात आणली, दहा लांब चोचीची पेंचला, दहा पांढऱ्या पुठ्ठ्याची ताडोबाला. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून, हवा-पाणी ओळखीचं करून, मग पाठीवर जीपीएस लावून सोडली. त्यातलं ताडोबाचं एक उडत उडत पार तमिळनाडूत पुदुकोट्टईपर्यंत गेलं. पिंजऱ्यात जन्मलेला पक्षी! आणि तिथं विजेच्या तारेचा शॉक लागून मेलं.

मला त्या बातमीनं फार वाईट वाटलं होतं. पण त्या जीपीएसमुळंच कळलं ना, की एका राज्यानं औषध बंद करून उपयोग नाही. आज पक्षी चंद्रपुरात, महिनाभरानं तेलंगणात, नंतर कर्नाटकात. मधल्या एका गावात एक मढं खराब मिळालं की वीस वर्षांची मेहनत गेली. आणि विजेच्या खांबांचं वेगळंच. माळढोकाचं तारांनी काय केलं ते राजस्थानात बघितलंय आपण, आणि आपल्या सोलापूरच्या नान्नज अभयारण्यात तर तो आता जवळपास दिसेनासाच झालाय.

निळाई
पिंजोरला पैदास इतकी हळू का होते? वीस म्हणजे फारच कमी वाटतात.

प्रयोगवही
कारण गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. पिल्लू वयात यायला पाच-एक वर्षं. पिंजोरला एक युक्ती करतात, पहिलं अंडं काढून यंत्रात उबवतात, मग कधी कधी जोडी दुसरं घालते. तरी वेग तेवढाच. जंगलातही तेच, सगळं सुरळीत चाललं तरी थवा दुप्पट व्हायला खूप वर्षं लागणार. २०१५ च्या सर्वेक्षणावरनं देशात पांढऱ्या पुठ्ठ्याची सुमारे सहा हजार, लांब चोचीची बारा हजार, आणि आसामकडची सडपातळ चोचीची फक्त हजारभर असा अंदाज आला. ऐंशीच्या दशकात तिन्ही मिळून काही कोटी होती.

समुद्रापलीकडून
बार्सिलोनाहून लिहितेय. इथं स्पेनमध्ये भारताचा अनुभव डोळ्यांसमोर असताना २०१३ मध्ये जनावरांच्या डायक्लोफेनॅकला परवानगी दिली. युरोपातली बहुतेक गिधाडं स्पेनमध्येच आहेत, विचार करा. सरकारचं म्हणणं, आमच्याकडं पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय औषध मिळत नाही आणि औषध दिलेली गुरं गिधाडांपर्यंत जात नाहीत. २०२० मध्ये इथंच कॅटलोनियात काळ्या गिधाडाचं एक पिल्लू मेलं, घरट्यातलं, आणि त्याच्या शरीरात डायक्लोफेनॅक सापडलं. चिठ्ठीचे कडक नियम असलेल्या देशात असं होतं, तर आपल्याकडं नुसत्या नियमावर भरवसा ठेवून चालणार नाही असं मला वाटतं.

गोठ्यातला_डॉक्टर
@समुद्रापलीकडून, हे माहीत नव्हतं, पुढच्या बैठकीत सांगतो सहकाऱ्यांना. आपल्याकडं २०२२ ला लंपी आला तेव्हा गावोगावी तापाच्या सुया किती गेल्या त्याला गणती नाही, आणि सगळ्याच काही डॉक्टरांनी मारल्या नाहीत. त्या वेळी मेलेली गुरं खोल खड्ड्यात पुरायचे आदेश होते म्हणून वाचलो.

सह्यवाट
सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. आता नेपाळचं सांगतो, कारण "परत येतात का" याचं उत्तर तिथं आहे. नेपाळनंही २००६ लाच बंदी घातली. पण तिथल्या कार्यकर्त्यांनी दुकानोदुकानी जाऊन साठा बाहेर काढला, बदल्यात मेलॉक्सिकॅम दिलं, गावकऱ्यांनी चालवलेली गिधाडांची जेवणाची ठिकाणं उभी केली जिथं तपासलेलंच मढं टाकतात. २०१३ च्या आसपासपासून तिथली पांढऱ्या पुठ्ठ्याची संख्या थोडी थोडी वाढताना दिसली. म्हणजे येतात. औषध खरोखर थांबलं तर येतात.

आपल्याकडं नाशिकच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलजवळ खोरीपाड्याला असं जेवणाचं ठिकाण आहे, अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची घरटी आहेत. जटायूची टाकेदची जागा याच जिल्ह्यात, तिथं आजही लोक श्रद्धेनं जातात. त्याच लोकांना कड्यावरचं खरं गिधाड दाखवायला हवं असं फार वाटतं.

@आंबोळी, अन्नाचा मुद्दा मला मान्य आहे, पण दुसऱ्या क्रमांकावर. अन्न कमी असलं तर थवा लहान राहतो. विष असलं तर थवाच राहत नाही.

आंबोळी
क्रमांकाबद्दल माझं मत वेगळंच राहील, आमच्याकडं गुरंच नाहीत हो. पण दुकानांचं विचारून बघते.

पाटपाणी
डॉक्टरसाहेब, एक सरळ सांगा. मी शेतकरी माणूस. काउंटरवर गेल्यावर काय म्हणायचं, आणि सुई दिलेलं जनावर मेलं तर काय करायचं?

गोठ्यातला_डॉक्टर
म्हणायचं, मेलॉक्सिकॅम द्या. दुकानदारानं "त्यापेक्षा हे भारी आहे" म्हणून दुसरं दिलं तर डबीवरचं औषधाचं नाव वाचा, कंपनीचं नाव नको, खाली बारीक अक्षरात असतं ते. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, किटोप्रोफेन, निमेसुलाइड, यातलं काहीही असलं तर परत करा. फ्लुनिक्सिनही घेऊ नका. झोलाछाप माणसाकडनं सुई मारून घेऊ नका, त्याच्या पिशवीत काय आहे ते त्यालाच माहीत. आणि दुखण्याची सुई दिल्यावर आठवड्याभरात जनावर दगावलं आणि सुई कसली होती ते नक्की माहीत नसेल, तर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. बाकीची जनावरं, म्हातारपणानं गेलेली, सर्पदंशानं गेलेली, ती जेवणाच्या ठिकाणाला चालतात, वनविभागाला फोन करा.

पाटपाणी
लिहून घेतलं. आमच्या दूध सोसायटीच्या फळ्यावर लावतो उद्या.

आंबोळी
बाजारातल्या तीन दुकानांत विचारून आले. दोघांनी मेलॉक्सिकॅम काढून दिलं. तिसऱ्यानं काय दिलं त्याचा फोटो टाकलाय, डॉक्टर, जरा बारीक अक्षरं वाचून सांगा, मला ॲसिक्लोफेनॅकच दिसतंय.

गोठ्यातला_डॉक्टर
ॲसिक्लोफेनॅकच आहे. दुकानाचं नाव इथं टाकू नका. बिल घेतलंय ना? बॅच नंबरसकट जिल्ह्याच्या औषध निरीक्षकांकडं लेखी तक्रार द्या, मसुदा मी खासगी निरोपातनं पाठवतो.

सह्यवाट
मसुदा मलाही पाठवा, नाशिकच्या दुकानांसाठी वापरतो. आणि अंजनेरीची घरटी मोजायला या हिवाळ्यात कोण कोण येतंय ते खाली लिहा, दुर्बीण नसली तरी चालेल, वही आणा.

तांबूसपंख
मी येतोय.

वस्तीवरचा
मी आणि मुलगी. तिला मोजायचंय.